आधी अंदाज लिहा

आमच्या सरांकडे गणित आणि विज्ञान हे दोन्ही विषय होते. त्यामुळे गणिताचा तास कुठे संपला आणि विज्ञानाचा कुठे सुरू झाला, हे पुष्कळदा कळायचंच नाही. त्यांची एक अट मात्र पक्की होती. प्रयोगाला हात लावण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत पेनाने लिहायचा. नंतर तो खोडायचा नाही. व्याख्या, सूत्र, नाव हे सगळं शेवटी. माझ्या मते त्यांच्या शिकवण्याचं बळ या क्रमातच होतं.

दोलकाचा तास मला सगळ्यात जास्त आठवतो. सरांनी खिडकीच्या गजाला दोऱ्याने एक खडा टांगला. गजापासून खड्याच्या मध्यापर्यंत २५ सेंटीमीटर. खडा जरासा बाजूला ओढून सोडला आणि जाऊन-येऊन एक असे १० झोके मोजले. साधारण १० सेकंद लागले. "आता दुप्पट जड खडा बांधला तर?" कुणी लिहिलं लवकर होतील, कुणी लिहिलं उशीर लागेल. मोजले, तर पुन्हा दहाच सेकंद! वर्गात एकच गलका झाला. घड्याळावर संशय घेतला गेला, मोजणारा बदलून झाला, आकडा हलेना.

मग दोरा चौपट, म्हणजे १ मीटर केला. जवळजवळ सगळ्यांच्या वहीत ४० सेकंद. आले २०. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग नऊपट लांब केला तर तीसच लागतील का?" सर उत्तर देतील असं वाटलं होतं. त्यांनी आम्हाला जिन्यापाशी नेलं, वरच्या कठड्यावरून सव्वादोन मीटर दोरा खाली सोडला. ३० सेकंद! त्यानंतरच फळ्यावर वर्गमूळाचं चिन्ह उमटलं. हाच संबंध गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला होता, हे सरांनी अगदी शेवटी, जाता जाता सांगितलं. तोवर तो आमचा झाला होता.

पाय (π) या संख्येची गोष्टही तशीच. वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, म्हणजे साधारण ३.१४, हे आम्ही दोरीने मोजलंच होतं. पण एकदा सरांनी मोठ्या कागदावर समांतर रेषा आखून आणायला सांगितलं. दोन रेषांमधलं अंतर काडेपेटीच्या काडीएवढं. काड्या उंचावरून टाकायच्या आणि किती काड्या रेषेला छेदतात ते मोजायचं. टाकलेल्या काड्यांची दुप्पट भागिले छेदणाऱ्या काड्या. प्रत्येक बाकाचं उत्तर वेगळं, कुठे २.९, कुठे ३.४. सगळ्या वर्गाचे आकडे एकत्र केले, तेव्हा उत्तर ३.१ च्या आसपास येऊन ठेपलं. सरळ रेषा, सरळ काड्या, मग पाय आला कुठून? सरांनी एक काडी मध्यावर बोटाने धरून गोल फिरवली. पडणारी काडी कोणत्याही दिशेला तोंड करू शकते, आणि त्या सगळ्या दिशा मिळून वर्तुळ होतं. बुफाँ या फ्रेंच अभ्यासकाने १७७७ मध्ये हा प्रश्न सोडवला होता. जास्त मोजमापं घेतली की योगायोगाचा जोर कमी होतो, हे संख्याशास्त्राचं पहिलं सूत्र मी काड्या वेचताना शिकलो.

रंग बदलणारी द्रावणं, उडणारे फुगे असे प्रयोग मी पुढे अनेक ठिकाणी पाहिले. मुलं टाळ्या वाजवतात, खूश होतात. पण आधी अंदाज नाही आणि नंतर मोजणी नाही, तर मूल फक्त प्रेक्षक राहतं. हे मला मनापासून खटकतं. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका बिंदूपाशी जुळवले की सरळ रेषा होते, तिथेसुद्धा सर विचारत, "कुठलाही त्रिकोण घेतला तरी? कशावरून?" आणि मग सिद्धतेकडे वळत. फाडलेला कागद त्यांनी कधी पुरावा मानला नाही.

महोत्सवी वर्षात शाळेत नवी प्रयोगशाळा होते आहे, याचा मला फार आनंद आहे. शिक्षकांना आणि व्यवस्थापनाला एकच विनंती करतो : आठवड्यातून एकदा तरी गणित-विज्ञानाचे दोन तास सलग द्या. एका तासात प्रयोग उरकतो, पण अंदाजावरून भांडायला आणि जिन्यापर्यंत जाऊन यायला वेळ उरत नाही.