अप्परबरोबर पेटणारे, डिप्परबरोबर विझणारे दिवे : माझा अनुभव

गाडीला जादा दिवे बसवण्याचे काम चांगला वायरमन अर्ध्या दिवसात करून देतो. ते बसवल्यावर गाडीच्या वॉरंटीचे नेमके काय होते, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी मिळवायला मात्र मला इतक्या खेपा घालाव्या लागल्या की, त्या सगळ्या काळात दिव्यांचा खोका घरी न उघडता पडून होता. हे एवढे सविस्तर लिहायला बसलो आहे ते त्यामुळेच.

आम्ही पुण्याहून सावंतवाडीला बहुतेक वेळा रात्रीच जातो. संकेश्वरपर्यंतच्या महामार्गाला दुभाजक आहे, वाहतूकही भरपूर असते, त्यामुळे तिथे मूळ दिव्यांवर भागते. अडचण सुरू होते ती महामार्ग सोडून गडहिंग्लज, आजरा, आंबोली या रस्त्याला लागल्यावर. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. मागे लाल दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो लोंबणाऱ्या उसाखाली झाकला गेलेला असतो. आजऱ्याच्या पुढे गवे रस्त्यावर येतात. गव्याचे अंग इतके काळे असते की डिप्परच्या, म्हणजे खाली झुकलेल्या जवळच्या झोताच्या, उजेडात आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरट पाय, आणि ते दिसेपर्यंत गाडी बरीच जवळ पोहोचलेली असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. भान येऊन पाय ब्रेकवर पडायला दोन सेकंद धरले आणि त्यात प्रत्यक्ष ब्रेकचे अंतर मिळवले, तर कोरड्या रस्त्यावरही थांबायला ८५ मीटरच्या आसपास लागतात. काळसर वस्तू डिप्परमध्ये साधारण ५०-६० मीटरवर दिसू लागते. ही तफावत समजल्यावर जादा दिवे ही चैन आहे, असे मला कोणी सांगितले तरी पटले नसते.

दिवे निवडणे तुलनेने लवकर आटोपले, कारण दुकानदार जे आकडे सांगतात ते मी बाजूला ठेवले. दुकानात वॅट आणि ल्युमेन यांचाच गजर असतो. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो, आणि ल्युमेन म्हणजे सगळ्या दिशांना मिळून उजेड किती बाहेर पडतो. तो उजेड रस्त्यावर कुठे आणि किती लांब पडतो, हे या दोहोंतून कळत नाही. त्यासाठी कॅन्डेला, म्हणजे एका दिशेला जाणाऱ्या उजेडाची तीव्रता, विचारावी. कॅन्डेलाच्या आकड्याला अंतराच्या वर्गाने भागले की त्या अंतरावरचा लक्स, म्हणजे तिथे पडणाऱ्या उजेडाचे माप, मिळतो. म्हणजे ४०,००० कॅन्डेलाचा दिवा २०० मीटरवर एक लक्स उजेड देतो, आणि हेच अंतर दुप्पट करायचे असेल तर कॅन्डेला चौपट लागतात. काचेवर वर्तुळातले ‘ई’ अक्षर असेल, तर दिवा युरोपीय मान्यतेतून गेलेला असतो. अप्परच्या (लांब झोताच्या) दिव्यावर त्याच्या जवळच तीव्रतेचा एक संदर्भ आकडाही कोरलेला असतो, आणि एका वेळी पेटणाऱ्या सगळ्या अप्पर दिव्यांच्या या आकड्यांची बेरीज १०० च्या वर जाऊ नये, असा तिकडचा नियम आहे. मी हा आकडा वाचूनच जोडी घेतली: एलईडीची, प्रत्येकी ३० वॅटची, लांब पल्ल्याच्या झोताची, आणि रंग ६५०० ऐवजी ५००० केल्विनच्या आसपासचा, कारण ओल्या डांबरावर निळसर पांढरा उजेड माझ्या डोळ्यांना सोसत नाही. टपावरचा लांबलचक लाइट बार मी विचारातही घेतला नाही. त्याचा उजेड बॉनेटवर आणि गाडीच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरवर इतका पडतो की, बाहुली आकसते आणि दूरचे उलट कमी दिसते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १११ प्रमाणे नोंदणी प्राधिकाऱ्याच्या परवानगीवाचून गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही, हेही दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

आता सर्व्हिस सेंटर. गाडी वॉरंटीत होती, म्हणून बाहेरच्या वायरमनकडे जाण्याआधी विचारून घ्यावे, एवढाच माझा हेतू होता. काउंटरवरच्या ॲडव्हायझरने वर न पाहताच उत्तर दिले, “सर, बाहेरचं काही लावलं की वॉरंटी जाते.” कशाची जाते, असे विचारल्यावर तो म्हणाला, “पूर्ण गाडीची.” गाडीबरोबर मिळालेली वॉरंटीची पुस्तिका माझ्या हातात होती. बाहेरचा भाग किंवा बदल यांच्यामुळे झालेले नुकसान भरून मिळणार नाही, असे तिच्यात स्पष्ट छापले होते. दिवे लावले म्हणून गिअरबॉक्सची किंवा एसीची वॉरंटी संपेल, असे तिच्यात कुठेही नव्हते. मी ते पान समोर ठेवले. त्याने ते वाचले नाही. “आमच्याकडे असंच चालतं,” म्हणाला आणि पुढच्या ग्राहकाकडे वळला.

मग इलेक्ट्रिकल सुपरवायझर भेटले. ते सभ्यपणे बोलले, पण कंपनीचा फॉग लॅम्पचा संच घ्या, यापलीकडे जाईनात. फॉग लॅम्पचा झोत रुंद, आखूड आणि वरून कापलेला असतो, तो शंभर मीटरवरच्या ट्रॉलीसाठी केलेलाच नसतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि कस्टमर केअरला मेल करायला सुचवले. मेलला जे उत्तर आले त्यात आपल्या जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा, असे लिहिले होते. ते घेऊन मी पुन्हा त्याच काउंटरवर उभा राहिलो. संगणकात नोंद करायची तर ती एक तर ‘तक्रार’ म्हणून किंवा ‘ॲक्सेसरी बुकिंग’ म्हणून होत होती. माझा प्रश्न दोन्हींत बसत नव्हता, आणि नोंद नाही म्हणून वरिष्ठांपर्यंत तो जातही नव्हता. वर्क्स मॅनेजर कधी रजेवर, कधी मीटिंगमध्ये. माणसाने लेखी मागितले की समोरचा लगेच सावध होतो आणि तोंडी मात्र वाटेल ते बोलतो, याची मला मनापासून चीड आली आणि अजूनही येते. ज्या यंत्रणेने ग्राहकाच्या हातात छापील अटी दिल्या, तिच्याच माणसांना त्या अटी वाचायच्या नसतील, तर ग्राहकाने विश्वास कशावर ठेवायचा?

शेवटी मी प्रश्नच बदलला, आणि ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी पहिल्या दिवसापासून हेच करावे. ‘दिवे लावू का?’ असे विचारले की ‘नाही’ म्हणणे सगळ्यात सोपे असते. मी एका कागदावर काम कसे होणार ते लिहिले: वीज थेट बॅटरीतून स्वतंत्र फ्यूज आणि रिले (लहानशा इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा विजेचा स्विच) यांच्यामार्फत घेतली जाईल, मूळ हार्नेसची (गाडीतल्या तारांच्या जुडग्याची) एकही तार कापली किंवा सोलली जाणार नाही, आणि अप्परचा इशारा हेडलाइटचा बल्ब व मूळ कपलर (तारा जोडणारा प्लग) यांच्यामध्ये बसणाऱ्या जोड-कपलरमधून घेतला जाईल. त्याखाली एकच प्रश्न लिहिला, की पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अटीनुसार यामुळे नेमक्या कोणत्या भागाची वॉरंटी बाधित होते. दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच मागितली. पोच देत नाही म्हणाले. मग पोच देत नाही, हे तरी लिहून द्या, असे म्हणून मी तिथेच बसून राहिलो. त्यावर वर्क्स मॅनेजर बाहेर आले. त्यांनी कागद उभ्या उभ्या वाचला, पुस्तिकेचे पान उघडले, रिलेचा प्रकार विचारला आणि जॉब कार्डच्या शेऱ्याच्या रकान्यात स्वतः लिहिले की, काम झाल्यावर गाडी तपासणीसाठी आणावी, मूळ हार्नेस अखंड असल्यास हेडलाइटचे वायरिंग वगळता इतर भागांची वॉरंटी कायम राहील. खाली सही, शिक्का. त्या चार ओळी वाचताना मला जो आनंद झाला तो दिवे पहिल्यांदा पेटले तेव्हाही झाला नाही.

बसवण्याचे काम त्यानंतर सरळ झाले. वायरमनला सुरुवातीला हेडलाइटची तार सोलून तिथूनच वीज घ्यायची होती. जॉब कार्ड दाखवल्यावर त्यांनी तो नाद सोडला. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवे, ८५ ला अर्थ आणि ८६ ला अप्परचा इशारा, अशी जोडणी असते. दोन्ही दिवे मिळून ६० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ५ अँपिअर, म्हणून १० अँपिअरचा फ्यूज घातला, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूज दिव्याला नव्हे तर तारेला वाचवतो; बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार उघडी पडली तर तिला वाली नसतो. आतमध्ये डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले मुद्दाम मागून घ्यावा, म्हणजे तो बंद होताना उठणारा उलटा झटका गाडीच्या कंट्रोल मॉड्यूलपर्यंत (इलेक्ट्रॉनिक नियंत्रकापर्यंत) जात नाही. काही गाड्यांत हेडलाइटची पॉझिटिव्ह सामाईक असते आणि स्विच अर्थच्या बाजूने लागतो. तिथे ही जोडणी बदलते, म्हणून मल्टिमीटर लावल्याशिवाय कोणालाही हात घालू देऊ नये. अप्परवरून इशारा घेण्याचा माझा आग्रह यासाठी होता की, समोरून गाडी आली आणि डिप्पर केला की जादा दिवेही त्याच क्षणी विझलेच पाहिजेत. वेगळ्या स्विचवर चालणारे दिवे घाईत विझवायचे राहून जातात, आणि समोरच्या दुचाकीस्वाराला त्या वेळी रस्त्याची कडही दिसत नाही. स्विच मी ठेवला आहे, पण तो फक्त हा इशारा तोडण्यासाठी.

तो लागतो आंबोलीत. पावसाळ्यात घाटात धुके उतरले की, लांब झोताचे दिवे पुढे पांढरी भिंत उभी करतात; तिथे ते बंद करून डिप्पर आणि फॉग लॅम्प यांच्यावरच सावकाश उतरावे.

खरे तर दिवे विकत घेण्याच्याही आधी एक गोष्ट करावी. इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचा आणि हेडलाइटच्या कपलरवरचा व्होल्टेज मोजावा. माझ्याकडे बॅटरीवर १३.८ आणि कपलरवर १२.९ भरला. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने घटतो, त्यामुळे एवढ्याशा फरकाने सुमारे एक पंचमांश उजेड वाया जात होता. ज्यांची गाडी वॉरंटीबाहेर आहे, त्यांनी मूळ हेडलाइटलाच आधी रिले आणि जाड तार घालून पाहावी. कदाचित पुढचा खर्च वाचेल.

दिव्यांची दिशा लावताना गाडी सपाट जागी भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करावी आणि झोताचा मध्य भिंतीवर दिव्याच्या उंचीला किंवा किंचित खाली आणावा. हे रिकाम्या गाडीत करू नये. आमच्याकडे परतीच्या वेळी डिकीत नारळ आणि तांदळाच्या पिशव्या असतात, मागचा भाग दबतो आणि झोत झाडांच्या शेंड्यांकडे जातो, म्हणून मी मागे माणसे बसवून आणि डिकी भरूनच बोल्ट आवळून घेतले.