दुखत नाही म्हणून

"दुखत नाही नं बाप्पा, मंग कायले जाऊ दवाखान्यात?"

कानाखालची सुपारीएवढी गाठ चाचपत काकाजी म्हणाले. दिवाळीच्या आधीपासूनची. कोणी गालगुंड म्हणून लेप दिला, कोणी दाढेचं म्हणून गोळ्या. आता कापूस फुटला, मजूर मिळत नाही. सगळं खरंच आहे.

पण हसताना त्यांच्या ओठाची डावी बाजू मागे राहत होती. गाठही डावीकडेच. कानाखाली लाळ तयार करणारी ग्रंथी असते, आणि चेहरा हलवणारी नस त्याच लाळग्रंथीतून जाते. त्यामुळे तिथे गाठ आणि चेहरा वाकडा, हे एकत्र दिसलं की थांबायचं नसतं. मला दुपारभर तेवढंच दिसत राहिलं.

आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हटलं की खर्रा आठवतो. काकाजी खर्रा खात नाहीत, म्हणून घरचेही निर्धास्त. लाळग्रंथीच्या कॅन्सरचं तंबाखूशी तसं घट्ट नातं नाही, हे कोण सांगणार?

कानाजवळच्या ग्रंथीतल्या साधारण ८० टक्के गाठी साध्याच असतात, हेही मी त्यांना सांगितलं. उगाच भीती नको. पण साधी की वाईट हे हाताला कळत नाही. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी (गाठीतल्या थोड्या पेशी सुईने काढून पाहणं) लागते. या कॅन्सरचे वीसहून जास्त प्रकार आहेत, कधी सुईनेही नीट उलगडत नाही. मग काढलेली गाठ अनुभवी पॅथॉलॉजिस्टने पाहावी लागते.

पोरगा सोमवारी नागपूरला नेतो म्हणाला. वेचणीचं आम्ही शेजारी पाहून घेऊ.

तुमच्या गावापासून सुईची तपासणी सगळ्यात जवळ कुठे होते?