मागच्या बाकावरचे हवालदार

1 जुलै 2024 ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी तपासाच्या कार्यपद्धतीचा नवा कायदा लागू झाला आणि आमच्या न्यायसहायक प्रयोगशाळेला पोलीस प्रशिक्षणाची बोलावणी वाढली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी तज्ज्ञ जाणार, त्यामुळे आमची आणि पोलिसांची गाठ आता रोजचीच.

अशाच एका प्रशिक्षण केंद्रात पुरावे गोळा करण्यावर शिकवायला गेले होते. कार्यालयातल्या लिपिकाने पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, तुम्ही फौजदाराच्या बरोबरीच्या की हवालदाराच्या?" माझं जेवण अधिकारी मेसमध्ये लावायचं की अंमलदार, म्हणजे हवालदार-शिपायांच्या, मेसमध्ये, एवढंच त्याला ठरवायचं होतं. मला मात्र फार परकं वाटलं.

वर्गात पुढे कव्हर घातलेल्या खुर्च्यांवर थेट भरतीचे तरुण फौजदार, मागे बाकांवर हवालदार आणि शिपाई. मी विचारलं, "भर पावसात रक्ताने भिजलेला शर्ट जप्त केलात. ठाण्यात आणल्यावर काय कराल?" पुढून उत्तर आलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद करू. तेवढ्यात मागून केस पिकलेले एक हवालदार उठले. "मॅडम, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते..."

"दादा, बसा. मॅडमना बोलू द्या," पुढचा एक फौजदार मागे न वळताच म्हणाला. हवालदार लगेच बसले.

मला संताप आला. त्यांना पुढे बोलावलं आणि खडू त्यांच्या हातात दिला. अनेक वर्षं मुद्देमाल कारकून, म्हणजे जप्त वस्तू सांभाळणारा, राहिलेला माणूस! खोलीत सुतळी बांधायची, शर्ट सावलीत वाळवायचा, खाली कोरा कागद अंथरायचा. वाळताना केस, माती जे काही पडेल ते त्या कागदातच घडी घालून वेगळं पाठवायचं. मग शर्ट खाकी पाकिटात, वर लाखेचं सील आणि पंचांच्या सहीचं लेबल. माझ्या व्याख्यानाचा निम्मा भाग त्यांनी फळ्यावर काढला होता.

बंदोबस्तात हुद्दा लागतोच, तिथे एकाचाच हुकूम चालला पाहिजे. पण घटनास्थळी आधी पोचतो तो बीटवरचा अंमलदार. वर्गात गप्प बसायची सवय लागलेला माणूस तिथेही साहेबांची वाट बघत उभा राहील आणि तोवर पावसात डाग धुऊन जातील.

उपप्राचार्य हे सगळं दारातून बघत होते. जेवायला ते मला थेट अंमलदार मेसमध्येच घेऊन गेले आणि स्वतः ताट घेऊन रांगेत उभे राहिले. फौजदारही मुकाट मागे आले. एका महिला शिपायाने बाकावर सरकून जागा केली. "इथं बसा ताई," म्हणत तिने लिंबाची फोड माझ्या ताटात ठेवली. सकाळपासून पहिल्यांदाच मला तिथे मोकळं वाटलं.

दुपारच्या प्रात्यक्षिकाला उपप्राचार्यांनी गट मिसळून टाकले. जप्तीचं चित्रीकरण आता नव्या संहितेच्या कलम 105 प्रमाणे करावंच लागतं, ते एका तरुण शिपायाने मोबाइलवर सफाईने केलं. सकाळचा तो फौजदार सुतळीचं एक टोक धरून हवालदारांना विचारत होता, "लाख किती गरम करायची?" हवालदार त्याला नीट समजावून सांगत होते.

पुढच्या तुकडीसाठी मी केंद्राला लेखी कळवलंय: गट असेच मिसळलेले हवेत आणि मुद्देमालाचा तास त्याच हवालदारांना द्या.