पुण्याच्या त्या कुंभाराचे नाव

एकेकाळी ज्यांच्यावर राज्य केले गेले, त्यांनीच पुढे राज्यकर्त्यांच्या घरात, ताटात आणि गाण्यात कसा शिरकाव केला, हा विषय निघाला की बोलणे बहुधा लंडनमधल्या करीवर येऊन थांबते. ते खोटे नाही; पण त्या चर्चेत एक गोष्ट नेहमी सुटते असे मला वाटते. वस्तू, चव किंवा विद्या समुद्रापार गेली, तेव्हा तिच्याबरोबर ती देणाऱ्याचे नाव गेले का? मी सांगली-मिरज परिसरात राहतो. इथे वाद्ये घडवणाऱ्यांची आळी आहे, हळदीची पेठ आहे आणि क्रिकेटचे वेडही आहे. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही.

माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण पुण्याजवळ घडले. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला आणि नंतर विटा पाडणाऱ्या समाजातील एका माणसाने, म्हणजे आपण ज्याला कुंभार म्हणू त्याने, त्याला नवे नाक बसवून दिले. ही शस्त्रक्रिया दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिली आणि तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात छापून आले.

ते वर्णन सावकाश वाचण्यासारखे आहे. कुंभाराने आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घेतला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. रेघेच्या आतली कातडी त्याने सोडवून घेतली, परंतु दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी मात्र जोडलेली ठेवली, कारण रक्त त्याच वाटेने पोहोचणार होते. उरलेल्या नाकाची कड ताजी कापून, कपाळाची कातडी खाली वळवून त्याने ती तिथे बसवली. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या लावल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवी कातडी जगली आहे याची खात्री झाल्यावर, भुवयांमधली ती पट्टी कापली. कात आणि तूप म्हणजे आपल्या पानाच्या डब्यातले आणि फडताळातले जिन्नस. त्यांच्या आधाराने त्या माणसाने जे केले, ते त्या काळी लंडनमधल्या कोणत्याही शल्यचिकित्सकाला येत नव्हते.

जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने ही पद्धत मृतदेहांवर वर्षानुवर्षे गिरवली, १८१४ मध्ये जिवंत रुग्णावर पहिल्यांदा यशस्वी केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापले. तिथून ती जर्मनीत आणि पुढे साऱ्या युरोपात पसरली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात कार्प्यूचे नाव आहे. ज्यांनी शस्त्रक्रिया पाहिली त्या डॉक्टरांची नावे आहेत. कावसजीचे नाव आहे आणि त्याचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचेही आहे. नाही ते फक्त त्या कुंभाराचे. आणि हा दोष केवळ इंग्रजांचा आहे असे मला म्हणता येत नाही, कारण आपणही हा विषय निघाला की लगेच सुश्रुताचा अभिमान सांगतो. तो अभिमान योग्यच आहे, पण सुश्रुतापासून कित्येक शतकांनंतर ती विद्या आपल्या हातात जिवंत ठेवणाऱ्या माणसाची आठवण त्यात राहत नाही. एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे: १७९४ मध्ये पुणे इंग्रजांच्या ताब्यात नव्हते, ते पेशव्यांचे होते. म्हणजे विद्येचा हा प्रवास राज्य जाण्याच्याही आधी सुरू झाला होता.

याच १७९४ साली, आयर्लंडमधील कॉर्क शहरात, पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमद या गृहस्थाने आपले प्रवासवर्णन इंग्रजीत प्रसिद्ध केले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. कंपनीच्या बंगाल फौजेत वाढलेला हा माणूस पुढे लंडनला गेला आणि १८१० मध्ये त्याने पोर्टमन स्क्वेअरजवळ ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडले. तिथे हुक्का होता आणि भारतीय पद्धतीचे जेवण होते. धंदा चालला नाही आणि १८१२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. मग तो ब्रायटनला गेला, तिथे वाफारा आणि चंपी-मालिशचे स्नानगृह काढले, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला त्यासाठी नेमले. कुंभार आणि दीन महंमद यांच्यातला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. दोघांकडेही देण्यासारखे काही होते, पण एकाची विद्या दुसऱ्यांनी उचलून नेली आणि दुसरा स्वतः तिथे जाऊन राहिला, स्वतःच्या सहीने लिहू लागला, स्वतःच्या नावाची पाटी लावू शकला.

पुढचा दीडशे वर्षांचा इतिहास मला याच फरकाचा वाटतो. राज्य होते तोवर इंग्रज अधिकारी आपल्याकडचे खेळ, मसाले आणि कपडे मायदेशी नेत राहिले आणि ते सारे त्यांचे होऊन गेले. पुण्याच्या छावणीत रुळलेले बॅडमिंटन इंग्लंडला गेले आणि तिथल्या एका जमीनदाराच्या वाड्याच्या नावाने जगभर ओळखले जाऊ लागले. राज्याच्या शेवटच्या काळात आणि ते गेल्यावर मात्र माणसे मोठ्या संख्येने गेली. कोलकात्याहून सुटणाऱ्या बोटींच्या कोळसाखोलीत राबणारे सिल्हेटचे खलाशी लंडनच्या गोदीत उतरून तिथेच राहिले. त्यांनी आधी साधी खानावळ चालवली, मग उपाहारगृहे काढली, आणि इंग्रजांच्या शनिवार रात्रीच्या जेवणाची सवयच त्यांनी बदलून टाकली. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे जाहीर भाषणात सांगितले. पण त्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर ‘इंडियन’ असे लिहिलेले असे आणि आत राबणारे बहुतेक हात आजच्या बांगलादेशातले होते, ही गोष्ट तिथे रोज जेवणाऱ्यांनाही फारशी ठाऊक नव्हती.

इतर साम्राज्यांतही हेच दिसते. नेदरलँड्सची वसाहत असलेला सुरिनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झाला; त्याआधीच तिथून आलेल्या वडिलांचे मुलगे, रूड गुलिट आणि फ्रँक रायकार्ड, १९८८ मध्ये नेदरलँड्सला फुटबॉलचे युरोपीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघात होते. पोर्तुगालमध्ये १९७७ पासून ब्राझीलच्या दूरचित्रवाणी मालिका घरोघर पाहिल्या जाऊ लागल्या आणि जुन्या राज्यकर्त्यांची मुले वसाहतीच्या ढंगाने बोलू लागली.

आता मिरजेकडे येतो. इथल्या शिकलगार घराण्यांतील कारागीर पूर्वी तलवारींना धार लावत. संस्थानी फौजांची गरज संपत गेली, तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी त्याच हातांनी सतार आणि तंबोरा घडवायला घेतला आणि पुढे ‘सितारमेकर’ हेच आडनाव झाले. मंगळवेढा-पंढरपूर भागातून येणारे मोठे कडू भोपळे त्यांच्या माड्यांवर सुकत टांगलेले दिसतात. तंबोरा पुरा होत आला की जवारी काढण्याचे काम सुरू होते. ज्या घोडीवर तारा टेकतात तिचा माथा कानशीने इतका हलका घासायचा की डोळ्यांना फरक दिसू नये, मग तार छेडायची, घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा, पुन्हा कान लावायचा. हे काम करणारा कारागीर बोलत नाही आणि त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलतही नाही. तारेतून एकच स्वर न येता त्याच्यासोबत इतर स्वरांचा गुंजारव उठू लागला की तो कानस खाली ठेवतो.

१९६५-६६ नंतर हा गुंजारव इंग्लंडच्या कानांत बसला. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने सतार हाती घेतली आणि १९६६ मध्ये बाथच्या संगीत महोत्सवात रविशंकर आणि व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी एकत्र वादन केले. रविशंकरांची सतार मिरजेची नव्हती, ती कोलकात्याच्या नोडू मलिक यांनी घडवलेली होती. पण नोडूबाबू स्वतः त्यांच्याबरोबर परदेशात जात आणि मंचावर तंबोऱ्याला बसत, म्हणून त्यांचे नाव तिकडच्या रसिकांनाही ठाऊक झाले. मिरजेचा कारागीर घरीच राहिला. त्याच्या हातचे तंबोरे जगभर गेले, गायकांच्या मैफली त्यांनी उभ्या केल्या. तिकिटावर, ध्वनिमुद्रिकेवर आणि समीक्षेत मात्र नाव गायकाचेच राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे, तरीही मानांकन गावाला मिळते, माणसाला नाही. ध्वनिमुद्रिकेवर वादकाइतक्याच ठळकपणे वाद्य घडवणाऱ्याचे नाव छापावे, ही मागणी आपल्या गायकांनी आणि संस्थांनीच आधी मान्य केली पाहिजे. लंडनच्या ध्वनिमुद्रिका कंपनीकडून तिची अपेक्षा नंतर करता येईल.

क्रिकेटमध्ये हे घडून गेले आहे, म्हणून ते अशक्य नाही. वीस षटकांचा प्रकार इंग्लंडनेच २००३ मध्ये सुरू केला. मात्र खेळाडूंचा लिलाव, शहरांचे संघ आणि त्यांचे मालक ही रचना आयपीएलने २००८ पासून रुजवली आणि २०२१ मध्ये इंग्लंडने ‘द हंड्रेड’ ही स्पर्धा काढली तेव्हा तिच्यावर त्या रचनेची छाप स्पष्ट होती. २०२५ मध्ये आयपीएल संघांच्या काही मालकांनी त्या स्पर्धेतल्या संघांत हिस्सेही विकत घेतले. सांगलीत जन्मलेले विजय हजारे १९५२ मध्ये भारतीय संघाचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले, तेव्हा ते तिथे पाहुणे होते. सांगलीतच वाढलेली स्मृती मानधना ‘द हंड्रेड’च्या पहिल्याच हंगामात साउदर्न ब्रेव्हकडून सलामीला आली, तेव्हा साउदॅम्प्टनचे प्रेक्षक तिला आपल्या संघाची खेळाडू म्हणून टाळ्या देत होते आणि तिचे आडनाव तिच्या पाठीवर लिहिलेले होते.