कार्ल मार्क्सच्या रस्त्यावरची घरं

पूर्व बर्लिनमधली कार्ल-मार्क्स-आले पहिल्यांदा पाहिली की मान वर करूनच चालावं लागतं. रुंदच रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना फिकट टाइल्स लावलेल्या भव्य इमारती. कामगारांसाठी राजवाडे बांधू, अशी पूर्व जर्मनीच्या साम्यवादी सरकारची घोषणा होती. तेव्हा या रस्त्याला स्टालिनचं नाव होतं. आणि इथल्याच बांधकाम मजुरांनी 1953 च्या जूनमध्ये काम बंद पाडलं, कारण त्याच पगारात 10 टक्के जास्त काम काढायचा हुकूम आला होता. दुसऱ्याच दिवशी, 17 जूनला, बंड देशभर पसरलं. ते चिरडायला सोव्हिएत रणगाडे आले. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या सरकारने कामगारांवरच रणगाडे घातले, हे मला आजही अक्षम्य वाटतं. भिंत तर त्यानंतर आठ वर्षांनी उभी राहिली.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले, सरकारी कारखाने विकायला काढले गेले, लाखोंची नोकरी गेली. आमच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्यांचा कारखानाही त्यातच बंद पडला. जुन्या राजवटीचं कौतुक त्या मुळीच करत नाहीत. गाडीसाठी दहा वर्षांहून जास्त थांबावं लागायचं, आणि चारचौघांत तोंड उघडायची चोरी. घरभाडं मात्र नाममात्र होतं. अर्थात दुरुस्तीही होत नसे. मुंबईतल्या गोठवलेल्या भाड्याच्या जुन्या चाळींची जी गत झाली, तीच तिथल्या जुन्या इमारतींची. परवा आजींनी भाडेवाढीचं पत्र माझ्यासमोर टेबलावर पसरलं. नवीन आकड्याखाली लाल पेनने दोनदा रेघ मारलेली, आणि शेजारी पेन्शनचा आकडा बारीक अक्षरात लिहून वजाबाकी केलेली. उरलेली रक्कम पाहून मला काय बोलावं ते सुचेना.

हा प्रश्न एकट्या आजींचा नाही. ज्या कंपन्यांकडे 3,000 हून जास्त घरं आहेत, त्यांची घरं मोबदला देऊन सार्वजनिक मालकीची करावीत का, यावर 26 सप्टेंबर 2021 रोजी बर्लिनकरांनी मतदान केलं. 59 टक्के लोक 'हो' म्हणाले, दहा लाखांहून जास्त मतं! पश्चिम बर्लिनच्या लोकांनीही भरभरून मतं दिली. यासाठी ज्या पंधराव्या कलमाचा आधार घेतला गेला, ते मार्क्सवाद्यांनी घुसडलेलं नाही. ते 1949 पासून पश्चिम जर्मनीच्याच राज्यघटनेत आहे. आजवर एकदाही वापरलेलं नाही, एवढंच. तज्ज्ञांच्या समितीने 2023 मध्ये हे कायद्यात बसतं असा निर्वाळा दिला, तरी त्या मार्गाने अजून एकही घर ताब्यात आलेलं नाही.

कार्ल-मार्क्स-आलेवरचे फ्लॅटही एकीकरणानंतर खासगी हातात गेले होते. पुढे ते एका बड्या कंपनीला विकले जाणार म्हटल्यावर भाडेकरूंनी खिडक्यांतून फलक लटकवले, मोर्चे काढले. शेवटी 2019 मध्ये शहराच्या मालकीच्या संस्थेने त्यातले सुमारे 670 फ्लॅट विकत घेतले. लोकांनी मागितलं, सरकारला ऐकावं लागलं, आणि रणगाडे आले नाहीत. मला हवा आहे तो समाजवाद हाच, आणि त्यासाठी मोकळेपणाने बोलता येणं आधी हवं. आजींना मी भाडेकरू संघटनेच्या सल्ला केंद्रात घेऊन जाणार आहे. भाडेवाढीला कायद्याने मर्यादा आहे आणि हे पत्र तिथे तपासून मिळेल.