फलकावरची बरोबरी

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या दर्शनी भिंतीवर एक वार्ताफलक आहे. कुणाच्या निधनाची वार्ता, रक्षाविसर्जनाची वेळ, पाणी कोणत्या दिवशी येणार नाही याची सूचना आणि फुटबॉलच्या सामन्याचा निकाल हे सारे लाकडी चौकटीतल्या त्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिले जाते. ११ मे १९९८ रोजी बुद्धपौर्णिमा होती. त्या दुपारी पावणेचार वाजता पोखरणच्या वाळवंटात भारताने तीन अणुस्फोट केले, संध्याकाळी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी ते जाहीर केले, आणि रात्रीच्या जेवणाआधी आमच्या फलकावर ती बातमी रंगीत खडूंनी, भोवती वेलबुट्टी काढून झळकली. कोपऱ्यावर फटाक्यांची माळ लागली आणि घरोघरी पेढे गेले. पेढे वाटत फिरणाऱ्यांत मीही होतो. १३ तारखेला आणखी दोन स्फोट झाल्यावर तीनचा आकडा पुसून पाच करण्यात आला, आणि तो मजकूर पुढे दोन आठवडे कुणीही पुसला नाही.

२८ मे रोजी संध्याकाळी त्याच फलकावर त्याच मुलाने पांढऱ्या खडूने एकच ओळ लिहिली: ‘पाकिस्तानचे पाच अणुस्फोट’. वेलबुट्टी नाही, उद्गारचिन्ह नाही. एखाद्याच्या निधनाची वार्ता लिहावी तशी ती ओळ होती, असे मला तेव्हा वाटले आणि आजही आठवले की तसेच वाटते.

मी तेव्हा भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. करत होतो. पेठेत या विषयाचा दुसरा विद्यार्थी नसल्यामुळे त्या सतरा दिवसांत मला फार मान मिळाला. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून समोरच धार काढतात आणि माणसे फेसाळ दुधाचे ग्लास हातात धरून रस्त्यातच गप्पा मारत उभी राहतात. तिथे मला बोलावून घेऊन विचारले जाई, किलोटन म्हणजे काय, हायड्रोजन बॉम्ब आणि साधा अणुबॉम्ब यांत फरक कोणता, आपण फोडला तो केवढा. एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी या स्फोटकाची ताकद, हे मी किती वेळा सांगितले असेल याला गणती नाही.

२८ तारखेच्या संध्याकाळी त्या कट्ट्यावर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती, आणि तिथे जे ऐकले ते सगळे मला आज जवळजवळ शब्दशः आठवते. ‘आता वाट कशाला बघायची, थेट घुसायला पाहिजे’, असे तरुणांचे म्हणणे होते. ‘चीननंच दिला असणार, त्यांच्यात कुठली अक्कल’, असे एका दुकानदाराचे मत पडले. एकाने शांतपणे ‘पाच-पाच, बरोबरी झाली’ असे म्हटले आणि तो शब्द सगळ्यांनी उचलला. दोन दिवसांनी, ३० मे रोजी, पाकिस्तानने खारानच्या वाळवंटात आणखी एक स्फोट केला तेव्हा तर ‘ते एकाने पुढे गेले’ म्हणून लोक अस्वस्थ झाले. मग कुणीतरी १९७४ चा पोखरणचा पहिला स्फोट हिशेबात धरून आपलेही सहा होतात हे दाखवून दिले, तेव्हा कुठे कट्ट्यावरच्या माणसांचा जीव भांड्यात पडला. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यानंतर गोलांची मोजणी चालते तशीच ही मोजणी चालली होती, आणि तिचा हिशेबनीस मी होतो.

राग खोटा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. आमच्या जिल्ह्यात क्वचितच असे गाव असेल जिथे सैन्यात गेलेला माणूस नाही. ज्या देशाशी तीन लढाया झाल्या त्याच्या हातात हे अस्त्र आले म्हटल्यावर माणसे चिडली, घाबरली, तर त्यात गैर काय? भारताने चाचण्या केल्या ते योग्यच होते असे मला आजही वाटते, आणि शेजारी असे शस्त्र बनवत असताना आपण हात बांधून बसायला हवे होते असे मी कधीही म्हणणार नाही. मला खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, पण तिच्याकडे येण्याआधी कट्ट्यावरच्या एका वयस्क गृहस्थांचे बोलणे सांगितले पाहिजे.

ते म्हणाले, ‘तुम्ही पोरं पहिल्यांदा बघताय, आम्ही हे चौसष्ट साली बघितलंय.’ १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नॉर येथे आपला पहिला अणुस्फोट केला. १९६२ च्या पराभवाला जेमतेम दोन वर्षे झाली होती, नेहरू त्याच वर्षीच्या मे महिन्यात गेले होते आणि लालबहादूर शास्त्री नुकतेच पंतप्रधान झाले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे ज्यांच्याविषयी घरोघरी म्हटले जाई, ते यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. त्या गृहस्थांच्या सांगण्याप्रमाणे तेव्हा कुणी आकडे मोजले नाहीत, कारण आपल्या बाजूला मोजायला काही नव्हतेच. माणसे गप्प झाली होती आणि ‘यशवंतराव काहीतरी करतील’ एवढेच एकमेकांना सांगत होती. ‘तवा भ्या वाटलं होतं. आता भ्या वाटत न्हाई, हेच मला बरं दिसंना’, असे म्हणून त्यांनी ग्लास ठेवला. त्या वेळी मला त्यांचे बोलणे जुन्या माणसाचे वाटले आणि मी विषय पुन्हा किलोटनांवर नेला.

स्फोटाची ताकद भूकंपमापक यंत्रांवरून काढतात, हे मी त्या दिवशी समजावून सांगितले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने कोल्हापूरची घरे हलली होती, त्यामुळे हा विषय आमच्याकडे चटकन कळतो. पोखरणचा धक्का पाचाच्या थोडा वर आणि पाकिस्तानने २८ तारखेला स्फोट केले त्या चगाईचा पाचाच्या थोडा खाली नोंदला गेला होता, तर कोयनेचा सहाच्याही वर होता. मापनातला एका अंकाचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे ३२ पटींचा फरक, तेव्हा जमीन हलवण्याच्या हिशेबात कोयना या दोन्हींहून कितीतरी मोठी, हे ऐकून लोक थक्क झाले. शिवाय एकाच क्षणी उडवलेल्या पाच स्फोटांचा धक्का यंत्रावर एकच उमटतो, म्हणून पाच ही संख्या पाकिस्तान म्हणते तेवढ्याच आधारावर मानायची, हेही मी सांगितले. ही माहिती आजही बरोबर आहे. परदेशी तज्ज्ञांनी पुढे धक्क्यांवरून काढलेले अंदाज दोन्ही देशांच्या दाव्यांहून कमीच निघाले.

त्याच रात्री घरी परतताना आमच्या बोळातल्या आक्का दारात उभ्या दिसल्या. त्यांचा थोरला मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता आणि त्या वर्षी त्याची नेमणूक जैसलमेरकडे होती. हात पदराला पुसत त्यांनी विचारले, ‘बाळा, तू शिकलायस, तुला ठावं असंल. ते जिथं फोडलं, तिथनं आमचं पोरगं किती लांब हाय?’

मी घरी जाऊन नकाशाचे पुस्तक काढले आणि पट्टीने मोजले. चगाई जिल्ह्यातले रास कोह डोंगर जैसलमेरपासून सुमारे ६०० किलोमीटर भरले. आनंदाची बातमी द्यावी तसा मी परत जाऊन ते सांगितले. त्यांनी मान हलवली आणि विचारले, ‘आणि आपलं? आपण फोडलं ती जागा?’ पोखरण जैसलमेर जिल्ह्यातच येते. आपल्या स्फोटापासून त्यांचा मुलगा शंभरएक किलोमीटरवर होता, आणि त्या स्फोटाच्या आनंदाचे पेढे मी ११ तारखेला त्यांच्या हातावर ठेवले होते. पोखरणच्या स्फोटभूमीजवळच्या खेतोलाई गावात घरांच्या भिंतींना भेगा गेल्याचे मी पुढे वाचले. आक्कांना मी तेव्हा एवढेच म्हणालो की स्फोट जमिनीखाली होता, काळजीचे काही नाही. ते खरेच होते. पण संबंध पेठेत आकडा न विचारता अंतर विचारणारे माणूस मला ते एकच भेटले.

याचे कारण मी नंतर पुष्कळ वेळा शोधले, आणि मला वाटते ते आम्ही पाहिलेल्या चित्रांत आहे. हवेतल्या आणि पाण्याखालच्या अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर बहुतेक देशांनी चाचण्या जमिनीखाली नेल्या. दूरदर्शनवर आम्हाला पोखरणची वाळू उसळलेली दिसली आणि चगाईचा काळपट डोंगर पांढरा पडताना दिसला. त्या चित्रांत घर नव्हते, झाड नव्हते, माणूस नव्हते. अणुबॉम्ब म्हणजे दूरच्या निर्जन डोंगराला होणारे काहीतरी, अशी समजूत त्यातून आपोआप तयार झाली. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी पडलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता. तो जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, त्याखालच्या जागेभोवती साधारण दोन किलोमीटरपर्यंतचे जवळजवळ सगळे शहर जळाले आणि त्या वर्षाअखेर सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. हे आकडेही मला तेव्हा पाठ होते. ते मी कधी आमच्या शहरावर ठेवून पाहिले नव्हते.

आता ठेवतो. बिंदू चौकात उभे राहून दोन किलोमीटरचे वर्तुळ काढले तर अंबाबाईचे देऊळ, भवानी मंडप, खासबाग मैदान, महाद्वार रोड, गंगावेस, शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ, रंकाळ्याचा अलीकडचा काठ आणि मध्यवर्ती बसस्थानक हे सगळे आत येते. सीपीआर रुग्णालय तर चौकापासून एक किलोमीटरच्या आत आहे. हिरोशिमातल्या दर दहा डॉक्टरांपैकी नऊ मेले किंवा जखमी झाले, म्हणून वाचलेल्यांना पाणी पाजायलाही हात उरले नाहीत. ‘बरोबरी झाली’ असे आम्ही ज्या कट्ट्यावर म्हणत होतो, तो कट्टा त्या वर्तुळाच्या अगदी आतल्या भागात येतो. असेच वर्तुळ लाहोरच्या एखाद्या चौकाभोवतीही काढता येते, आणि तिथेही दूध विकणारी माणसे आहेत.

पलीकडे काय चालले होते हे पुढे कळत गेले. तिथेही मिठाई वाटली गेली, चगाईच्या डोंगराच्या प्रतिकृती चौकांत उभ्या राहिल्या आणि २८ मे हा दरवर्षी साजरा करण्याचा दिवस ठरला. मात्र स्फोट झाले त्याच दिवशी तिथल्या सरकारने आणीबाणी पुकारली आणि लोकांची परकीय चलनाची खाती गोठवली. आयुष्यभराची कमाई अशी रातोरात अडकलेल्या माणसाने त्या मिठाईचे काय केले असेल, हा विचार मला आक्कांमुळे सुचला.

दोन्हीकडे अस्त्रे आल्यावर युद्ध होणारच नाही, असे मी कट्ट्यावर मोठ्या विश्वासाने सांगितले होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले तेव्हा मला ते खरे ठरल्यासारखे वाटले. मे महिन्यात कारगिल सुरू झाले. आक्कांच्या मुलाचे पत्र त्या उन्हाळ्यात सात आठवडे आले नाही आणि त्या सात आठवड्यांत आक्का रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभ्या असत. मला त्यांच्या दारावरून जाताना मान वर करता येत नसे.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हती आणि कुणी सांगितलीही नव्हती. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार दोन्ही देशांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला आहे, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्हीकडचे अधिकारी अशा ठिकाणांच्या याद्या एकमेकांना देतात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या होत्या त्या २००२ च्या १ जानेवारीलाही याद्या दिल्या गेल्या. वर्तमानपत्रात ही बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते. ती आमच्या फलकावर एकदा तरी लिहिली जावी असे मला फार वाटते, आणि यंदा मी तालमीच्या मुलांना तसे सांगितले आहे.

आक्का आता नाहीत. त्यांचा मुलगा हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि सध्या पहाऱ्याच्या नोकरीवर आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान यांच्यातला चार दिवसांचा संघर्ष थांबल्यावर, जिथे अण्वस्त्रे साठवली असल्याचे बोलले जाते त्या पाकिस्तानातल्या सरगोध्याजवळच्या किराणा टेकड्यांवर आपला मारा झाला आणि तिथून किरणोत्सर्ग पसरतो आहे, असे संदेश सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. हवाई दलाने तिथे मारा केल्याचे स्पष्ट नाकारले, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही पाकिस्तानातल्या कोणत्याही केंद्रातून गळती झालेली नाही असे सांगितले, पण कट्ट्यावर ते संदेश एकमेकांना दाखवून टाळ्या दिल्या जात होत्या. एका मुलाने फोन आक्कांच्या मुलासमोर धरला. त्याने चष्मा वर करून तो मजकूर दोनदा वाचला आणि विचारले, ‘वारं कुणीकडचं हाय?’

कुणाला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्याने बोटाने ओट्यावर सांडलेल्या दुधात एक रेघ ओढली, तिच्या एका बाजूला सरगोधा आणि दुसऱ्या बाजूला अमृतसर असे दोन ठिपके काढले, आणि पलटणीत असताना अशा वेळी सगळ्यांत आधी वाऱ्याची दिशा कशी बघायला शिकवायचे, तोंडाला ओले फडके कसे बांधायचे, कपडे कुठे टाकायचे, उघड्यावरचे पाणी का प्यायचे नाही, हे तो त्या मुलांना एकेक करून सांगत बसला. मुले ऐकत होती. त्यांतल्या एकाने विचारले, ‘काका, आणि पंजाबातल्या म्हशींचं दूध?’ त्यावर तो म्हणाला, ‘ते वतून टाकायचं, आधी तेच.’