रातांब्याची वही: वर्ष तिसरं

गेल्या वर्षीची नोंद संपवताना मी लिहिलं होतं, 'पुढच्या वर्षी आमसुलांना पाच पुटं, एकही कमी नाही.' पूट म्हणजे कोकमाची साल रसात बुडवून उन्हात सुकवायचा एक फेरा. तर हिशेब असा: पहिल्या तोड्याला पाच झाली, दुसऱ्याला तीन, आणि तिसऱ्या तोड्याचं आमसूल झालंच नाही. का, ते सविस्तर लिहितो, कारण यंदा जे चुकलं त्यातूनच एक कामाची गोष्ट हाती लागली.

आधी नव्यांसाठी थोडक्यात. आमची वाडी कुडाळ तालुक्यात. विहिरीच्या मागच्या उतारावर आजोबांनी लावलेली कोकमाची, म्हणजे रातांब्याची, पाच झाडं आहेत. पाचही बियांची. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि बी लावलं तर काय निघेल ते झाड फुलेपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, कळत नाही. आजोबांच्या नशिबी तीन नर आले. म्हणजे फळ देणारी झाडं दोन. तीन नर कशाला ठेवलेत असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. एक पुरे आहे हे खरं, पण मे महिन्यात विहिरीवर सावली त्यांचीच असते, त्यामुळे कुऱ्हाड कुणी उचलत नाही.

मी पुण्याहून एप्रिलच्या शेवटी येतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परततो. घरी काकी असते. चाळीस वर्षं ती सोलं, म्हणजे आमसुलं, घालतेय आणि मी तीन वर्षं वहीत लिहितोय. माझ्या तराजूबद्दल तिचं मत एका वाक्याचं आहे: "वहीत लिवान सोलां सुकनत नाय हां."

27 एप्रिल. पहिला तोडा, 18 किलो. खालची फळं हातानं, वरची आकडीनं. जमिनीवर पडलेली वेगळी ठेवली. त्यांना माती लागते, पिचलेली असतात, आणि एक नासकं फळ सबंध टोपलीला वास लावतं. पूर्ण लाल झालेली लगेच फोडायला घेतली, अर्धवट रंगलेली दोन दिवस टोपलीत ठेवली. ती पिकतात, पण त्यांचा रंग झाडावर पिकलेल्यांसारखा गडद येत नाही. हे गेल्या वर्षी नुसतं वाटलं होतं. यंदा दोन्ही वेगवेगळी सुकवून शेजारी मांडून बघितली, फरक उघड दिसतो.

फळं फोडायचं काम दुपारी पडवीत. दोन भाग करायचे, गर आणि बिया टोपात, साल सुपात. 18 किलोतून साल 9 किलो 400 ग्रॅम भरली. टोप स्टीलचा किंवा मातीचा. ॲल्युमिनियमच्या टोपात आंबट रस ठेवू नका. पहिल्या वर्षी मी ठेवला होता, टोपाला आतून खड्डे पडले. आणि हात. चार दिवस माझी नखं जांभळी होती, कुणी लिंबू सांगितलं, कुणी चिंच, काही उपयोग नाही, ते आपोआपच जातं.

आता पुटांबद्दल. ज्यांनी फक्त विकतचं आमसूल पाहिलंय त्यांना वाटतं, साल सुकवली की आमसूल झालं. नुसती सुकवली तर ती कडकडीत, फिक्या तपकिरी रंगाची होते आणि आंबटपणाही बेताचाच राहतो. म्हणून गराचा जो रस निघतो त्यात मीठ घालायचं, साल त्यात बुडवून ठेवायची, मग उन्हात पसरायची, संध्याकाळी परत रसात. हे एक पूट. प्रत्येक पुटाला रस सालीत मुरतो, पाणी उडून जातं, आंबटपणा, रंग आणि मीठ मागे राहतं. तिसऱ्यापर्यंत साल लालच दिसते. चौथ्यानंतर काळसर जांभळी व्हायला लागते आणि बोटांत धरली की मऊ चामड्यासारखी वाकते. मोडली तर जास्त सुकली, चिकटली तर कमी. मी रसाला लिटरमागे 100 ग्रॅम जाडं मीठ घेतलं. काकी मुठीनं घालते. तिच्या मुठी मी गुपचूप मोजल्या, वजन केलं: 95 ते 110 ग्रॅम. तराजूचा विषय मी तिच्यापुढे पुन्हा काढला नाही.

वाळवण अंगणात नाही, वरच्या कातळावर. वीस पावलं चढावं लागतं, पण कातळ खालूनही तापतो आणि चार वाजता ऊन उतरलं तरी तासभर गरम असतो. बांबूच्या तट्ट्या टाकून त्यावर साल पसरली. राखणीला पुतण्या आणि त्याची गलोल. माकडांना सोलांशी काही देणंघेणं नाही, पण तट्टीवरून धावायला त्यांना फार आवडतं.

9 मेला पहिला तोडा तयार. पाच पुटं, बारा दिवस. वजन 2 किलो 100. हे आमसूल माझ्या तीन वर्षांतलं सर्वांत चांगलं. वरून किंचित ओलसर, आतून कोरडं, मीठ पांढरं फुलून आलेलं नाही. बाजारातल्या काही आमसुलांवर जो मिठाचा थर दिसतो, तो मला वजन वाढवण्याचाच प्रकार वाटतो. तशी कढीत टाकली की आधी खारट लागते, आंबट मागून.

11 मे. दुसरा तोडा, 26 किलो, साल साडेतेरा. इथे मी हुशारी करायला गेलो. साल तीन ठिकाणी वाटली.

चार किलोचं सरबत. सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे, सालीच्या दुप्पट साखर, म्हणजे आठ किलो. तोंडाला फडकं बांधून बरणी दिवसभर उन्हात, रात्री आत. सात दिवसांत साखर विरघळते, साल आक्रसते. यात चुकायला फारसं काही नाही. गाळताना पिळायचं नाही एवढंच, नाहीतर गढूळ होतं.

तीन किलो माझ्या पेटीत. जुन्या खिडकीची काचेची झडप, खाली फळ्यांची पेटी, आतून काळा रंग, वर-खाली हवेसाठी भोकं. फेब्रुवारीत दोन शनिवार घालवून बनवली होती. बाहेर सावलीत 35 अंश असताना आत 60 दाखवत होतं, मी खूष. साडेसहा किलो नेहमीप्रमाणे कातळावर.

पेटीतली साल दीड दिवसात सुकली. नेमकं तेच वाईट झालं. वरची कातडी इतक्या लवकर आवळली की आतलं पाणी आतच अडकलं, आणि पुढच्या पुटाचा रस आत शिरेना. रंगही तांबूस-तपकिरी. काकीनं एक उचलून वाकवली, मोडली, आणि म्हणाली, "ही सोलां की चामडा?" ज्यांच्याकडे अशा पेट्या आहेत त्यांना सांगतो: कोकमासाठी वरची भोकं दुप्पट मोठी करा, काचेवर गोणपाट टाका, 50 च्या वर जाऊ देऊ नका. मी 16 मेपासून तसं केलं आणि उरलेल्या दोन दिवसांत निकाल सुधारला, पण तोवर निम्मा माल गेला होता.

18 मे. कातळावरच्या मालाचं तिसरं पूट. दुपारी तीननंतर आभाळ भरून यायला लागलं. वळवाचा एखादा फटका मेमध्ये येतोच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. काकीनं मात्र उंबरठ्यावरूनच सांगितलं, "आज पावस येतलो, सोलां आत घे." त्या दिवशी तो आला नाही, आणि मी तिला तसं बोलूनही दाखवलं.

20 तारखेला आला तो मग थांबलाच नाही. यंदाचा, 2025 चा, मे तुम्हाला आठवत असेलच. केरळात मान्सून एरवी 1 जूनच्या सुमारास येतो, तो 24 मेलाच आला, आणि दुसऱ्या दिवशी, 25 मेला, आपल्या देवगडात. मृगाची वाट बघायची वेळच आली नाही. मांडव उतरवायचा होता, लाकडं रचायची होती, कौलं शाकारायची होती, सगळं पावसातच.

तीन पुटं झालेली सोलं पडवीत पसरली. दोन दिवसांत त्यांच्यावर पांढरी बुरशी दिसली, सव्वा किलो टाकून दिली. उरलेली चुलीवर टांगलेल्या बांबूच्या मांडणीवर. तिथे एरवी पावसात लाकडं आणि सुकी मासळी असते. खाली दिवसभर मंद आच. आठ दिवसांत सुकली, काळी झाली, पण धुराचा वास कायमचा. भरली 900 ग्रॅम.

आता मुख्य गोष्ट. 19 मेला, आभाळ तसंच असताना, आम्ही मिळेल तेवढी फळं उतरवून घेतली होती. 31 किलो. घरातली सगळी माणसं रात्री साडेअकरापर्यंत फोडत बसली. सुकवायचा प्रश्नच नव्हता. साल 16 किलो, आणि ती सगळी आगळाला, म्हणजे मिठात मुरवून काढायच्या कोकमाच्या रसाला, घातली, कारण आगळाला ऊन लागतच नाही. साल आणि मीठ, थरावर थर, मोठ्या चिनी मातीच्या बरण्यांत. मीठ सालीच्या अठरा टक्के घेतलं, 2 किलो 900. मीठच पाणी ओढून काढतं आणि एवढ्या मिठात, एवढ्या आंबटात काही कुजत नाही. रोज सकाळी लाकडी डावानं खालवर करायचं. बाहेर धो धो पाऊस, विजेचा पत्ता नाही, आणि बरणीत रस रोज दोन बोटं वर चढतोय. 27 तारखेला गाळला: साडेनऊ लिटर, काळपट लाल, दाट.

वही उघडून मी तीन वर्षांचे तोडे शेजारी शेजारी मांडले तेव्हा लक्षात आलं की आम्ही दर वर्षी उलटं करत होतो. सुरुवातीला फळ थोडं, म्हणून 'चला, आधी आगळ घालू', आणि भर आला की आमसुलं. म्हणजे बिनउन्हाचं काम भर उन्हात, आणि उन्हाचं काम पावसाच्या तोंडावर. यंदा पहिला तोडा आमसुलाला गेला तो केवळ मोठ्या बरण्या लोणच्यात अडकल्या होत्या म्हणून. पुढच्या वर्षी हे ठरवून: 10 मेपर्यंत उतरेल ते सगळं आमसुलाला, 10 ते 15 सरबताला, नंतरचं सगळं आगळाला. काकीला सांगितलं. ती म्हणाली, तिच्या सासूचं असंच होतं. मग तीन वर्षं मला का नाही सांगितलं? तर मी विचारलं नव्हतं.

बियांचं थोडक्यात. पहिल्या दोन तोड्यांच्या बिया राखेत चोळून, धुऊन वाळवल्या होत्या, चार किलो भरल्या. तिसऱ्याच्या ओल्याच राहिल्या, बुरसल्या, झाडाखाली गेल्या. वाळलेल्यांची टरफलं फोडून मगज वायनात, म्हणजे उखळात, कुटला, पाण्यात उकळला, टोप रात्रभर तसाच. सकाळी वर पांढरट थर धरतो. तो काढून पुन्हा वितळवला, गाळला, थंड होत आला की मुठीत दाबून गोळे. हे मुठेल, कुणी भिरंडेल म्हणतात. 550 ग्रॅम मिळालं. बियांत वजनाच्या साधारण पाव भाग तेल असतं, म्हणजे मला निम्म्याहून थोडंच जास्त काढता आलं. मगज अजून बारीक कुटायला हवा होता, पण खांदा आणि उत्साह एकदमच संपले. 40 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे डब्यात घट्टच राहतं आणि टाचेवर घासलं की हळूहळू मऊ होतं. दोन गोळे शेजारच्या आजींना दिले. त्यांनी वास घेऊन एवढंच विचारलं, "राख नीट धुवलंस?" नव्हती धुतली नीट. तळाला करडी रेघ आहे.

गेल्या पावसात लावलेल्या दोन कलमांपैकी एक जगलंय. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता', 1997 सालची जात. कलम असल्यामुळे मादीच असणार ही खात्री, आजोबांसारखा जुगार नाही. मेच्या उन्हात दुसरं जळालं. त्याला मी सावली केली नव्हती, केली असती तर वाचलं असतं. जगलेलं गुडघ्याएवढं आहे, चार नवी पानं फुटलीत, कोवळी असताना तांबडी. यंदा त्याला नारळाच्या झावळ्यांचा आडोसा ठेवणार.

झाडावर अंदाजे वीस किलो फळ राहून गेलं. पावसात फुटलं, खाली लाल चिखल आणि त्यावर मुंग्या.

धुराच्या सोलांचं काय करायचं हा प्रश्न होता. सोलकढीत ती नकोतच, नारळाच्या रसाला धूर लागतो. पण 30 मेला काकीनं कुळथाची पिठी केली, त्यात तीन टाकली. लसूण, मिरची, कुळीथ आणि मागे तो धुराचा वास. उकड्या तांदळाच्या भाताबरोबर सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतली, आणि पुतण्यानं विचारलं की पुढच्या वर्षी अशीच करायची का. तेव्हा वहीत आणखी एक ओळ वाढली: अर्धा किलो मुद्दाम चुलीवर. तट्ट्या धुऊन माळ्यावर टाकल्यात, बरण्या उपड्या आहेत, पेटीची भोकं मोठी करायला पुतण्याला दिलीय. मीठ तेवढं पुढच्या एप्रिलातच आणायचं. इथल्या पावसात पोतं आपोआप पाझरतं.